दोन वितींची पाठ

उबेद अरबाबांनी तीन सॅक दुकानाच्या फरशीवर एकापाठोपाठ एक टाकल्या आणि माझ्या स्टुलावर बसले. मी मशीनवर होतो. एका होडीचं ताडपत्रीचं झाकण शिवत होतो, ते अर्ध्यात सोडता येत नव्हतं. शिवण संपवली, दोरा तोडला आणि मग वर बघितलं.

सप्टेंबर होता. बहारिनमध्ये, मुहर्रकच्या आमच्या गल्लीत सप्टेंबरात हवा अंगाला चिकटते आणि सोडत नाही. दुकानातला एसी माझ्याइतकाच थकलेला. आवाज करतो, काम करत नाही.

"गुंडू," अरबाब म्हणाले, "यातली एक चांगली सांग. दोन फेकून दे."

"कशासाठी पाहिजे?"

"शिकार. डोंगर."

अरबाब म्हणजे मालक, इथे मानाने म्हणतात; त्यांना मी वीस वर्षं ओळखतो. त्यांच्या तंबूंना ठिगळं लावली आहेत, बंदुकीची खोळ शिवली आहे, ससाणा बसवायच्या हातमोज्याचं चामडं दोनदा बदललं आहे. त्यांचं बोलणं अर्धं अरबी आणि अर्धं मोडकं हिंदी, माझंही तसंच. दोघांचं मोडकं मिळून काम चालतं. इथे मी ते सरळ मराठीत लिहितो.

दरवर्षी पानगळीच्या दिवसांत ते, त्यांची दोन मुलं आणि पुतणे किरगिझस्तानला जातात. तिथे परवाना काढून रानबोकडाची शिकार करता येते. गाडी पायथ्याला सोडायची आणि पाच-सहा दिवस पाठीवर सगळं घेऊन वर चालायचं. झोपायचं, खायचं, पाणी, दोर, सगळं पाठीवर. शिकार मिळाली तर मांसही वाटून पाठीवरच खाली आणायचं.

"मग जुन्या सॅकला काय झालं?"

"सॅकला काही नाही झालं. मला झालं." त्यांनी उजव्या खांद्यावर हात ठेवला. मागच्या वर्षी त्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. आत दोन स्क्रू आहेत. "मुलं म्हणतात, बाबा, या वेळी तुम्ही खाली तंबूत थांबा. तुमचं सामान आम्ही नेतो म्हणत नाहीत. तंबूत थांबा म्हणतात."

"का?"

"नियम आहे. जो आपलं ओझं आपण वाहत नाही, तो वर येत नाही." त्यांनी खांद्यावरचा हात काढला. "नियम मीच केलाय, गुंडू. तेवीस वर्षांपूर्वी. तेव्हा माझ्या पाठीवर उंट बसला असता तरी कळलं नसतं."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"अठरा किलो," ते म्हणाले. "अठरा किलो घेऊन मी वर चाललो, तर मी शिकारी. नाहीतर चहा करणारा."

दुकान इक्बालभाईंचं आहे. ते हैदराबादचे. गल्ला, गिऱ्हाईक, चिठ्ठ्या आणि बडबड त्यांच्याकडे. सुई, दोरा आणि कात्री माझ्याकडे. मी त्यांना म्हणालो, शेजारच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे वाण्याकडून, दहा किलोचं एक आणि पाच किलोचं एक तांदळाचं पोतं आणा, आणि पाण्याच्या दीड लिटरच्या दोन बाटल्या. फक्त तासाभरासाठी, परत देऊ.

"चाचा, बिर्याणी की दावत है क्या?" इक्बालभाई म्हणाले.

"अरबाबांच्या पाठीवर शिजवायची आहे."

"तो फिर दम लगेगा," ते म्हणाले आणि गेले.

रिकामी सॅक बघून काही कळत नाही. मॉलमध्ये लोक रिकामी सॅक पाठीला लावतात, आरशात बघतात आणि घेऊन येतात. रिकामी सॅक कुणालाही शोभते.

पहिली सॅक सगळ्यात नवी होती. धाकट्या मुलाने इंटरनेटवरून मागवलेली. खिसे एवढे की कुठल्या खिशात काय ठेवलं ते आठवायलाच एक माणूस लागेल. ती रिकामीच साडेतीन किलोची होती. कापड नखाने घासलं तर चिप्सच्या पुडीसारखं वाजत होतं.

"हे घालून बोकडाजवळ गेलात," मी म्हणालो, "तर बोकड आधी घरी पोचेल."

दुसरी हलकी होती, कापडही मऊ, पण पाठीच्या बाजूला आत काहीच आधार नव्हता. तांदूळ भरले तशी ती गरोदर म्हशीसारखी खाली लोंबली. अरबाब दुकानातून गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले, तेवढ्यात त्यांचा उजवा खांदा कानाला लागला होता. माणूस दुखणं लपवतो तेव्हा त्याची हनुवटी बोलते.

तिसरी त्यांच्या पुतण्याची, वापरलेली. रंग मळका, मातीचा. कापड फ्लॅनेलसारखं, घासलं तरी गप्प. पाठीला उभ्या दोन अॅल्युमिनियमच्या पट्ट्या. बाजूने उघडायची चेन, म्हणजे तळातली वस्तू काढायला वरचं सगळं उपसावं लागत नाही. कंबरेचा पट्टा माझ्या तळहाताएवढा रुंद आणि आत भरगच्च. मी तो पट्टा हातात दाबून बघितला आणि म्हणालो, "ही."

"ही जुनी आहे."

"आपणही जुनेच आहोत."

पण ती त्यांना बसत नव्हती. खांद्याचे पट्टे जिथे शिवले होते ती जागा पुतण्याच्या पाठीची होती. तो बुटका आहे. कंबरपट्टा अरबाबांच्या पोटावर यायचा आणि सगळं वजन खांद्याला लटकायचं.

त्यांना समजावून सांगायला मला वेळ लागला. आमच्याकडे चंदगडच्या बाजूला बायका डोक्यावर हंडा घेतात, जळणाचा भारा घेतात, तेव्हा खाली चुंबळ ठेवतात. जुन्या लुगड्याची गोल वळकटी. चुंबळ ओझं कमी करत नाही. ओझ्याने कुठे बसायचं ते चुंबळ सांगते. सॅकची चुंबळ म्हणजे कंबरपट्टा. तो कंबरेच्या हाडावर बसला की ओझं पायांत उतरतं आणि खांदे फक्त सॅक मागे पडू नये एवढंच बघतात. अठरा किलोतले चौदा-पंधरा कंबरेने घ्यायचे. पण त्यासाठी खांद्याचे पट्टे नेमक्या उंचीवर पाहिजेत. बोटभर इकडेतिकडे चालेल, वीतभर नाही.

"तर पट्टे उसवून वर शिवतो," मी म्हणालो. "तुमची पाठ किती, ते पाहिजे. मानेचं हाड वाकल्यावर वर येतं ना, तिथून कंबरेच्या हाडापर्यंत."

आता इथे माझी चूक सुरू होते.

आजवर मी माप घेतलं ते दोरीने. दोरी धरायची, जिथे संपते तिथे गाठ मारायची. गाठ वाचायला अक्षर लागत नाही. मला अक्षर येतच नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी बहारिनला आलो तेव्हा कागदावर अंगठा लावून आलो. नोटा मी रंगाने ओळखायचो, लाल एक, निळी पाच, हिरवी दहा. त्यावर काय लिहिलंय ते कधी बघितलं नाही. टेपवरचे आणि फोनवरचे इंग्रजी आकडे सवयीने ओळखीचे झाले. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या इक्बालभाई वाचून दाखवायचे.

दोन वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला मखराचं कापड शिवायला गेलो होतो. तिथे शुभदाताई शुक्रवारी सकाळी मुलांना मराठी शिकवतात. त्या बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत, पुण्याच्या. मी मागे बसून टाके घालत होतो आणि फळ्याकडे बघत होतो. त्यांनी बघितलं. दुसऱ्या शुक्रवारी माझ्यापुढे वही ठेवली. "काका, कापड नंतर," म्हणाल्या. तेव्हापासून जमेल तेव्हा जातो. वर्गात मी पासष्टचा आणि बाकीची मुलं आठ-नऊ वर्षांची. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी. सहा हा आकडा माझा काही केल्या वळेना, तेव्हा शेजारच्या सावनीने शिकवलं. "आजोबा, इट्स इझी. थ्री उलटा काढा आणि खाली टेल द्या." तेव्हापासून उलटा तीन दिसला की मला सहा आठवतो.

तर अरबाब घाईत होते. मी दोरी काढायला उठलो असतो, पण गुडघा दुखत होता, होडीचं झाकण पडून होतं, आणि खरं सांगायचं तर मला हौस आली होती. मी म्हणालो, "घरी कुणाकडून मापून घ्या आणि सेंटिमीटरमध्ये लिहून पाठवा. मी वाचेन."

मी वाचेन. हे दोन शब्द मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर चिठ्ठी देऊन गेला. चौकोनी कागद, त्यावर निळ्या शाईने दोन आकडे. उलटा तीन आणि पुढे शून्य. सहाची शेपूट काढायची राहिली होती, पण ती माझीही कधीकधी राहते. साठ.

इक्बालभाई म्हणाले, "लाओ चाचा, मैं देखता हूँ."

मी चिठ्ठी खिशात ठेवली. "वाचली मी."

"ओहो! प्रोफेसरसाब!"

"तुम्ही गल्ला सांभाळा."

पट्टे उसवले. सॅकचा मागचा भाग टेबलावर पसरला. टेपवर साठ काढलं आणि खडूने खूण केली. खूण फार वर आली. मी सवयीने तळहात पसरून वीत टाकली. एक, दोन, आणि वर आणखी मोठी अर्धी. अरबाब उंच आहेत, पण इतके? माझ्या डोळ्यांसमोर त्यांची पाठ होती. हात म्हणत होता, दोन विती. कागद म्हणत होता, साठ. हाताला काय, तो चाळीस वर्षं अडाणी माणसाचा हात होता. मी कागदाचं ऐकलं.

शिवण मात्र चांगली घातली. खाली जाड कॅनव्हासचं अस्तर, चौकट, मधून तिरपा फुली टाका, मेण लावलेला दोरा. बैलाने ओढलं तरी निघाली नसती. गुरुवारी ड्रायव्हर सॅक घेऊन गेला.

शनिवारी सकाळी अरबाब स्वतः आले. सॅक खांद्याला नव्हती, हातात होती. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली, हळू. आपटली असती तर बरं वाटलं असतं.

"काल झल्लाकला, समुद्रावर गेलो होतो," ते म्हणाले. "मुलं, पुतणे, सगळे. किनाऱ्याने चालायचं ठरलं, सगळ्यांनी अठरा किलो घेऊन. मी म्हटलं, बघा आता."

मी उभाच होतो.

"कंबरपट्टा इथे आला." त्यांनी ढुंगणावर हात मारला. "चालताना ढोलासारखा वाजत होता. पट्टे आवळले तर खांदा फाटतो, सोडले तर सॅक मला मागे ओढते. मी दीड किलोमीटर चाललो. मग बसलो. मोठ्या मुलाने गाडी आणली." त्यांनी खिशातून जपमाळ काढली आणि परत ठेवली. "कुणी काही बोललं नाही, गुंडू. एवढी बडबडी पोरं, पण कुणी काही बोललं नाही. रात्रीपर्यंत माझ्याशी सगळे फार गोड वागत होते."

"पण तुम्हीच साठ लिहिलं होतं," मी म्हणालो.

"साठ?"

मी खिशातून चिठ्ठी काढली. चार दिवस ती खिशातच होती. अरबाबांनी चिठ्ठी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. इक्बालभाई गल्ल्यावरून उठून आले आणि त्यांच्या खांद्यावरून वाकले. त्यांनी कपाळावर हात मारला.

"चाचा, ये अरबी में है. ये पैंतालीस है."

"हा सहा," मी म्हणालो.

"ये चार."

"हे शून्य."

"ये पाँच!"

अरबी चार म्हणजे उलटा तीन. अरबी पाच म्हणजे गोल. मला त्याच वेळी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. कोल्ड स्टोअरवाल्याने दिलेलं. प्रत्येक तारखेच्या खाली लहान अरबी आकडे. चाळीस वर्षं ते माझ्यासमोर होते. मला वाटायचं, नक्षी आहे.

अरबाबांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. मग विचारलं, "तुझ्या भाषेत हे साठ?"

"हो."

"तुला वाटलं मी वय लिहिलं?"

"मला वाटलं पाठ लिहिली."

"वय त्रेसष्ट," ते म्हणाले. "पाठ पंचेचाळीस. गुडघे ऐंशी." आणि ते हसले. ते हसले म्हणून मला जास्त लाज वाटली. शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन शब्द बोललो असतो आणि मोकळा झालो असतो.

"विमान कधी?" मी विचारलं.

"पुढच्या रविवारी. पण आता सोड. मुलांनी तंबूत माझी जागा ठरवलीसुद्धा. स्टोव्हजवळ."

ते उठले. सॅक टेबलावरच राहिली. मी "थांबा" म्हणालो नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार?

दुपारी दुकान बंद असताना मी गोदाबाईला फोन केला. गोदाबाई म्हणजे माझी बायको. गावी असते.

"जेवलासा काय?" तिने विचारलं.

"भूक नाही."

"म्हंजे कायतरी घोळ घातलासा."

मी सगळं सांगितलं. ती मध्ये हूं हूं करत होती. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"आनि वीत कुटं गेली तुमची?" ती म्हणाली. "मोडली काय?"

"कागदावर लिहिलेलं होतं ना."

"कागुद काय पाठीला बांदतासा? आपल्या पोरगीच्या लग्नात अख्ख्या भावकीची झंपरं शिवलासा, येकाचं माप लिवलं हुतं काय? गाठीचं दोरं खुंटीला लोंबत हुतं. कुनाचं दुसऱ्याला गेलं काय?"

"नाही."

"मग." तिने कोंबड्यांना हुसकलं. "शिकलासा ते ब्येस केलासा. मला पत्र लिवलासा ते मी त्या पाटलाच्या सुनंकडनं चारदा वाचून घेतलं. पन हाताला इचारायचं सोडू नका. हात बिचारा गरीब हाय, बोलत न्हाई, म्हनून काय त्याला कळत न्हाई?" मग तिने नेहमीचं विचारलं. "कवा येतासा? डोळं गेल्यावर?"

"बघू," मी म्हणालो.

"हां, बघा बघा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मी दुकानातली दोरी घेतली आणि अरबाबांच्या घरी गेलो. घर गल्लीच्या पलीकडेच आहे, मशिदीच्या मागे. दार त्यांनीच उघडलं.

"काय झालं?"

"पाठ वळवा," मी म्हणालो.

"गुंडू, खलास. सोडून दे."

"जायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. सॅक मात्र मी बिघडवली आहे. ती मी अशी ठेवणार नाही. वळा."

ते वळले. दारातच, पांढऱ्या पायघोळ तोबमध्ये, भिंतीला हात टेकून. मी त्यांना मान वाकवायला सांगितली. मानेचं हाड बोटाला लागलं. तिथे दोरी धरली, खाली नेली, कंबरेच्या हाडाशी गाठ मारली. मग विश्वास नव्हता म्हणून नाही, पण वीत टाकली. एक. दोन. गाठ बरोबर दुसऱ्या वितीच्या करंगळीखाली होती.

"किती?" त्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"दोन विती."

"सेंटिमीटर?"

"ते मला विचारू नका."

माझी शिवण उसवायला मला एक अख्खा दिवस लागला. आपलीच चांगली शिवण उसवणं हे काम कुणाला सांगू नये. ब्लेडने एकेक टाका कापायचा, चिमट्याने दोरा ओढायचा, कापड फाटू द्यायचं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं. इक्बालभाईंनी न सांगता दोनदा चहा आणला आणि प्रोफेसर म्हटलं नाही. मग दोरी लावून पट्टे नव्या जागी शिवले. उजव्या पट्ट्यात, जिथे स्क्रूची जागा येते, तिथलं भरण मी थोडं काढलं आणि दोन्ही बाजूंना वाढवलं. मध्ये खळगा. चुंबळीला असतो तसा. गाठीची दोरी सॅकच्या आतल्या खिशात ठेवली. पुढे कुणी दुरुस्त केली तर त्याला कागद शोधायला नको.

शुक्रवारी दुपार कलल्यावर अरबाब मला गाडीत घालून झल्लाकला घेऊन गेले. मुलांना सांगितलं नव्हतं. सॅकमध्ये तेच तांदूळ, त्याच बाटल्या. या वेळी तांदूळ विकत घेतला होता. कोल्ड स्टोअरवाला म्हणाला होता, हे पोतं आता शिजवाच, फार फिरलं.

मी सॅक त्यांच्या पाठीवर चढवली. "आधी कंबरपट्टा," मी म्हणालो. "हाडावर. आवळा. आता खांद्याचे, नुसते टेकतील एवढेच. आता वरचे हे लहान पट्टे, सॅक पाठीशी येईपर्यंत." त्यांनी केलं. दोन पावलं टाकली. थांबले. उजवा खांदा वर-खाली केला.

"काय?"

"काही नाही," ते म्हणाले. "काहीच नाही. यल्ला, चल."

आम्ही हॉटेलांच्या बाजूने दक्षिणेकडे निघालो. समुद्र सपाट, शिशासारखा. वाळू ओली होती तिथे चाललो. ते पुढे, मी मागे. मागून मी त्यांची पाठ बघत होतो. सॅक हलत नव्हती. त्यांच्या अंगाबरोबर जात होती. जिथे आधी बसले होते ती जागा आली, तेव्हा त्यांनी बोटाने दाखवली आणि पुढे गेले. दोन किलोमीटर झाले. अडीच. मला धाप लागली. माझ्या हातात नुसता थर्मास होता.

तीन किलोमीटरला ते थांबले. सॅक पाठीवर ठेवूनच एका दगडाला टेकले. चेहरा लाल झाला होता, आणि घाम नव्हे, पाणी वाहत होतं.

"खांदा?" मी विचारलं.

"खांदा गप्प आहे."

"मग?"

"पाय," ते म्हणाले. "आणि छाती. गुंडू, सॅक चांगली झाली. आता दोष ढकलायला काही राहिलं नाही."

मी थर्मास उघडला. चहा पिताना त्यांनी ते सांगितलं. तेवीस वर्षांपूर्वी नियम केला तेव्हा त्यांचे थोरले भाऊ त्यांच्याबरोबर जायचे. अर्शद त्यांचं नाव. उबेद अरबाबांना शिकार त्यांनीच शिकवली. एका वर्षी अर्शदच्या गुडघ्यात दुखायला लागलं, त्यांचं सामान बाकीच्यांना वाटून घ्यावं लागलं. तेव्हा रात्री शेकोटीजवळ उबेद अरबाब म्हणाले, उद्यापासून जो आपलं ओझं वाहत नाही, तो वर येत नाही. सगळे हसले. अर्शदही हसले. दुसऱ्या दिवशी ते तंबूत थांबले आणि सगळ्यांसाठी चहा करून ठेवला. पुढच्या वर्षी आले नाहीत. त्यानंतर कधीच नाही. आता ते अठ्ठ्याहत्तरचे आहेत, पलीकडच्या गल्लीत राहतात, घराबाहेर पडत नाहीत.

"मी तेव्हा चाळीसचा होतो," उबेद अरबाब म्हणाले. "मला वाटलं मी नियम करतोय."

मी कप पुसून थर्मासला लावला. परत येताना त्यांनी तीनदा विसावा घेतला. सॅक एकदाही खाली ठेवली नाही. गाडीशी आल्यावर स्वतः उतरवली आणि बॉनेटवर ठेवली. सूर्य पाण्याला टेकला होता. त्यांनी घामाने भिजलेला तोब अंगापासून सोडवला.

"जाणार?" मी विचारलं.

"जाणार. नियम सॅकचा आहे. छातीचा नाही."

रविवारी ते गेले.

पुढचे तीन आठवडे दुकानात होड्यांची झाकणं आणि गाड्यांच्या सीटची कव्हरं. शुक्रवारी मी वर्गात गेलो आणि शुभदाताईंना घडलेलं सांगितलं. त्या आधी खूप हसल्या, मग त्यांनी फळ्यावर तीन ओळींत आकडे लिहिले, मराठी, इंग्रजी, अरबी. सावनी म्हणाली, "आजोबा, नाऊ यू नो मोअर दॅन मी." मी वहीत उतरवून घेतले. इक्बालभाई आता चिठ्ठी आली की माझ्याकडे देतात आणि मी ती त्यांच्याकडे परत देतो.

ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी अरबाब आले. नाक सोललेलं, दाढी वाढलेली, जरा वाळलेले. सॅक पाठीवर होती. ती त्यांनी उतरवून माझ्यापुढे ठेवली. खाली चिखल, एका बाजूला काळसर डाग, वरच्या झाकणाला काटेरी फांदीने पाडलेली वीतभर चीर.

"शिकार?" मी विचारलं.

"मोठ्या मुलाला मिळाला. चांगला बोकड."

"तुम्ही?"

"दोन दिवस वर चाललो. अठरा किलो. कुणाच्या मागे राहिलो नाही." ते स्टुलावर बसले. "तिसऱ्या दिवशी सकाळी श्वास पुरेना. मीच म्हणालो, मी इथे थांबतो. एका खडकाशी बसलो. मुलं वर गेली. मी दिवसभर बसलो, गुंडू. बारा तास. त्यांना परत येताना दिसावं म्हणून दगडावर चहा मांडून ठेवला."

इक्बालभाईंनी गल्ल्याचा खण हळूच लोटला.

"खाली येताना माझा वाटा मी घेतला," ते म्हणाले आणि डागावर बोट ठेवलं. "मागची तंगडी. कुणाला घेऊ दिली नाही."

"आणि खांदा?"

"खांद्याला कळलंसुद्धा नाही."

मी चीर बघत होतो. अर्ध्या तासाचं काम. "हे आजच देतो," मी म्हणालो. "पुढच्या वर्षाला..."

"इंशाल्ला," ते म्हणाले. स्वतः हो म्हणायचं नसतं तेव्हा माणूस ज्या सुरात म्हणतो, त्या सुरात. मग जरा पुढे वाकले. "गुंडू, दुसरी एक पाहिजे. लहान. थर्मास मावेल, दोन कप, थोडे खजूर. झल्लाकला घेऊन जाण्यापुरती. अर्शदसाठी."

"त्यांनी मागितली?"

"नाही. त्याला अजून माहीत नाही. तो नाहीच म्हणेल." त्यांनी खिशाला हात घातला आणि पेन काढलं. "माप लिहून देतो. माझ्यापेक्षा बुटका आहे, पाठ असेल साधारण..."

"लिहू नका," मी म्हणालो.

पेन त्यांच्या हातातच राहिलं.

"इकडे घेऊन या त्यांना."

"तो घराबाहेर पडत नाही, सांगितलं ना तुला."

मशीनवर होडीचं झाकण अर्धं होतं. पाय सुजले होते आणि दुपार व्हायला अजून वेळ होता. मी खुंटीवरची दोरी काढली, टेबलाला हात टेकून उठलो. गुडघा वाजला.

"मग मी येतो," मी म्हणालो. "चला. पण बोलणं तुम्ही करायचं. मी नुसती पाठ मोजणार."

अरबाब लगेच उठले नाहीत. माझ्या हातातल्या दोरीकडे बघत बसले. मग पेन खिशात ठेवलं, डोक्यावरचा रुमाल नीट केला, आणि आम्ही दोघं म्हातारे गल्लीत उन्हात उतरलो.